दोन यंत्रांची साक्ष आणि एक चित्र



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून पुष्कळांच्या मनात शंका आली असेल की, रुग्णालयांतील यंत्रे आणि गणित ह्यांची चर्चा जुन्नर-आंबेगावच्या मंडळींपुढे कशासाठी? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आम्ही आधी देतो. उत्तर दोन प्रकारचे आहे. एक तर ह्या सभेत असे कोणी ना कोणी बसलेले असणारच की, ज्यांच्या घरातील आजारी माणसाला पुण्यास किंवा मुंबईस नेऊन ‘पेट-सी. टी.’ नावाची तपासणी करून आणावी लागली आहे. त्या तपासणीचे चित्र घरी येते. त्यात काळ्यापांढऱ्या देहाकृतीवर नारिंगी ठिपके दिसतात. आणि त्या ठिपक्यांवर शस्त्रक्रिया करावयाची की नाही, औषध चालू ठेवावयाचे की बदलावयाचे, हे ठरते. दुसरे असे की, ज्या गणिताने ते चित्र तयार होते त्याचे अगदी जवळचे नाते आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीशी आहे. तेव्हा विषय दूरचा वाटला तरी त्याचे एक टोक आपल्या घरात आणि दुसरे आपल्या शिवारात आहे.

आम्हांला आज जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. हे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. यंत्राने देहाबाहेरून काही मापे घेतलेली असतात आणि त्या मापांवरून आतील स्थिती कशी असावी ह्याचा गणिताने काढलेला तो निष्कर्ष असतो. एकाच्या ऐवजी दोन यंत्रांची मापे हाती असली तर निष्कर्ष अधिक पक्का करता येतो. परंतु दोन साक्षीदारांपैकी एकाने दुसऱ्याला पढवले, तर दोघांची साक्ष जुळूनही ती खोटी ठरू शकते. ही पढवणूक टाळून दोघांकडून खरे कसे काढून घ्यावे, हाच संयुक्त प्रतिमारचनेचा प्रश्न आहे.

प्रथम एका यंत्राचीच गोष्ट घेऊ. एक चौकोनी शेत आहे. त्याचे चार सारखे तुकडे आहेत. वरच्या ओळीत डावीकडे अ आणि उजवीकडे ब. खालच्या ओळीत डावीकडे क आणि उजवीकडे ड. प्रत्येक तुकड्यात कांद्याच्या किती पिशव्या निघाल्या हे आपल्याला ठाऊक नाही. फक्त बेरजा ठाऊक आहेत. वरच्या दोन तुकड्यांत मिळून १२, खालच्या दोहोंत मिळून ८, डाव्या दोहोंत मिळून १३ आणि उजव्या दोहोंत मिळून ७. आता चार तुकडे आणि चार बेरजा, म्हणजे उत्तर एकच निघेल असे वाटते. तसे होत नाही. अ मध्ये ९, ब मध्ये ३, क मध्ये ४ आणि ड मध्ये ४ घेतल्यास सर्व बेरजा जुळतात. अ मध्ये ११, ब मध्ये १, क मध्ये २ आणि ड मध्ये ६ घेतल्यासही तंतोतंत जुळतात. पूर्ण पिशव्या धरल्या तर अशी एकंदर आठ उत्तरे निघतात. उभ्याआडव्या बेरजांबरोबर तिरकी बेरीजही कोणी मोजून दिली, म्हणजे अ आणि ड मिळून १३ की १७ हे सांगितले, तर मात्र आठांतील एकच उत्तर उरते.

सी. टी. यंत्र हेच करते. क्ष-किरणांची बारीक शलाका देहातून आरपार जाते आणि वाटेत किती शोषली गेली ह्याची एक बेरीज मिळते. शलाका सर्व दिशांनी फिरवून अशा हजारो बेरजा घेतात आणि त्यांवरून आतील प्रत्येक बिंदूची घनता काढतात. अशा बेरजांवरून मूळ आकृती परत मिळवता येते हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन ह्यांनी १९१७ सालीच सिद्ध करून ठेवले होते. पण ते गणित गणितासाठीच लिहिलेले होते. १९६३ आणि १९६४ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक ह्यांनी स्वतंत्रपणे हीच वाट वैद्यकाकरिता शोधली, आणि इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड ह्यांनी यंत्र उभे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. प्रत्येक छेदासाठी २८,८०० मापे घेतली जात आणि ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकटींतील आकडे काढले जात. आपल्या चार तुकड्यांच्या शेताचेच ते मोठे रूप होय. कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड ह्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या कथेत एक भारतीय पान आहे. १९७१ सालीच बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील जी. एन्. रामचंद्रन् आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् ह्यांनी ह्या बेरजांवरून चित्र काढण्याची एक सोपी व जलद रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक दिशेच्या बेरजांना आधी एका विशिष्ट गाळणीतून काढावयाचे आणि मग त्या उलट दिशेने चित्रावर पसरावयाच्या, अशी ती रीत. त्या गाळणीला आजही जगभर ‘राम-लक’ ह्या नावाने ओळखतात. विशेष हे की, अशीच रीत त्यांच्या आधी १९६७ मध्ये रोनाल्ड ब्रेसवेल आणि ए. सी. रिडल ह्यांनी देऊन ठेवली होती, आणि ती रुग्णांसाठी नव्हे तर रेडिओ खगोलशास्त्रासाठी होती. आकाशाच्या लांब अरुंद पट्ट्यांच्या बेरजा मिळत आणि त्यांवरून रेडिओ तेजाचा नकाशा काढावयाचा असे. ब्रेसवेल ह्यांनी ह्या प्रश्नाला १९५६ सालीच हात घातलेला होता.

आता खोडदकडे वळू. ह्याच ब्रेसवेल ह्यांच्या हाताखाली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे एका भारतीय विद्यार्थ्याने काम करून १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे नाव गोविंद स्वरूप. ते १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले, १९६५ मध्ये कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभी केली, १९७० मध्ये उटीची दुर्बीण पुरी केली, आणि पुढे आपल्या जुन्नर तालुक्यात जी. एम्. आर्. टी. ही महाकाय दुर्बीण त्यांच्याच कल्पनेतून उभी राहिली. ७ सप्टेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि १६ तीन बाहूंवर दूरदूर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोहोंत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे.

पण ह्या तबकड्या आकाशाचा फोटो काढतात अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. कोणतीही तबकडी एकटी चित्र देत नाही. तबकड्यांची एक जोडी घेतली की तिच्याकडून आकाशातील तेजाच्या चढउताराचे फक्त एक माप मिळते. जोडी जवळची असली तर ठळक चढउताराचे, दूरची असली तर बारीक चढउताराचे. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाला निराळ्या कोनातून सामोरी जाते आणि नवी मापे देते. ही सारी मापे एकत्र करून गणिताने चित्र काढतात. तरीही मधूनमधून मापे राहून गेलेली असतात. त्या रिकाम्या जागा भरण्यासाठी काही गृहीत धरावे लागते. उदाहरणार्थ, आकाश बहुतेक रिकामे असून त्यात मोजके तेजस्वी बिंदू आहेत असे. यान हग्बोम ह्यांनी १९७४ मध्ये सांगितलेली प्रसिद्ध रीत ह्याच गृहीतावर उभी आहे. गृहीत आकाशाला लागू पडले तर चित्र लख्ख निघते, न पडले तर त्यात नसलेल्या आकृती उमटतात.

एम्. आर्. आय्. यंत्राची मापेही नेमकी ह्याच जातीची असतात. तेथे क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या पोटात देहातील पाण्याचे अणुगर्भ रेडिओ लहरींनी डोलू लागतात आणि त्यांचा जो प्रतिसाद येतो त्यात देहाच्या चित्रातील ठळक व बारीक चढउतारांची मापे एकामागून एक मिळतात. खोडदला आकाशाचे जे गणित मांडतात, तेच त्या नळीत देहाचे मांडतात. मापे घेण्यास वेळ लागतो. म्हणून रोगी तेथे अर्धा-पाऊण तास निश्चल पडून असतो. थोडी मापे घेऊन उरलेली गणिताने भरून काढता आली तर त्याचा हा त्रास कमी होईल. परंतु खोडदला जो प्रश्न पडतो तोच येथेही पडतो : भरून काढावयाचे ते कशाच्या आधारावर?

आता तिसरे यंत्र, पेट. रुग्णाच्या शिरेत साखरेसारखा एक पदार्थ टोचतात. त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेला असतो. हा फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून तासांच्या हिशोबाने रुग्णालयात पोचवावा लागतो. भारतात ह्या कामासाठी पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. पुष्कळ जातींच्या कर्करोगांच्या पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून तेथे हा पदार्थ अधिक साठतो. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना धावतात. भोवतालच्या कड्यातील दोन शोधक एकाच क्षणी वाजले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी ही घटना घडली एवढे कळते. नेमकी कोठे, ते अशा लाखो रेषांच्या हिशोबाने काढतात.

ह्या हिशोबाची एक रीत शेप आणि वर्डी ह्यांनी १९८२ मध्ये दिली. ती समजण्यास सोपी आहे. आधी एक अंदाजी चित्र घ्यावे. देह खरोखर तसा असता तर प्रत्येक रेषेवर किती घटना नोंदल्या गेल्या असत्या ते काढावे. प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहावे आणि जेथे कमी असेल तेथे वाढवावे, जास्त असेल तेथे घटवावे. सुधारलेले चित्र घेऊन पुन्हा तेच करावे. असे करीत गेले की चित्र मापांशी अधिकाधिक जुळत जाते. अडचण इतकीच की, पेटच्या नोंदी मोजक्या असतात आणि त्यांत नशिबाचा भाग मोठा असतो. ही फेरी फार वेळा केली तर चित्र खऱ्या तेजाबरोबर त्या नशिबाच्या चढउतारांनाही जुळू लागते आणि सर्वत्र वाळू उधळल्यासारखे दिसते. फेरी लवकर थांबवली तर कडा विरून जातात आणि लहान गाठ आहे त्यापेक्षा फिकी दिसते.

तर ही झाली यंत्रे. सी. टी. आणि एम्. आर्. आय्. ही देहाची घडण सांगतात, पेट देहाचे चलनवलन सांगते. आपल्या महसुली दप्तरांची उपमा येथे चपखल बसते. मोजणीचा नकाशा बांध कोठे आहे हे सांगतो, पण शेतात काय चालले आहे हे सांगत नाही. गाव नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी, पीक काय आहे हे सांगते, पण बांधाची रेषा दाखवत नाही. जाणता माणूस दोन्ही दप्तरे पुढे ठेवून बोलतो.

वैद्यकातही तसेच झाले. डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट ह्यांच्या प्रयत्नांनी पेट आणि सी. टी. एकाच यंत्रात बसवलेला पहिला नमुना १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे रुग्णांसाठी वापरात आला. संपूर्ण देहाची पेट आणि एम्. आर्. आय्. एकाच वेळी घेणारी यंत्रे २०१० च्या सुमारास आली. प्रारंभी ह्या जोडणीचा उपयोग एवढाच होता की, दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे तयार करावयाची आणि एकावर एक ठेवावयाची. काळ्यापांढऱ्या आकृतीवर नारिंगी ठिपके, ते हेच.

परंतु मापे येथेही एकमेकांच्या मदतीस येतच होती. पेटचे गॅमा किरण देहातून बाहेर पडताना वाटेतच शोषले जातात. ३० सेंटिमीटर पाण्याइतका थर असला तर शंभर जोड्यांपैकी सुमारे सहाच सुखरूप बाहेर पडतात. म्हणून कोणत्या रेषेवर किती नुकसान झाले असेल हे सी. टी.च्या नकाशावरून काढून पेटच्या मापात भर घालावी लागते. आता सी. टी. काही सेकंदांत होते आणि पेटला प्रत्येक भागाशी काही मिनिटे लागतात. सी. टी.च्या वेळी रोग्याने छाती भरून श्वास घेतलेला असला आणि पेटच्या वेळी तो संथपणे श्वासोच्छ्वास करीत असला, तर यकृताचा वरचा भाग दोन नकाशांत दोन ठिकाणी पडतो, आणि पेटच्या चित्रात तेथे खोटा फिका पट्टा उमटतो. श्वास कसा ठेवावा ह्याच्या तंत्रज्ञ ज्या सूचना देतात त्या काटेकोर पाळाव्यात, ह्याचे कारण हे आहे. एम्. आर्. आय्.च्या बाबतीत अडचण आणखी निराळी आहे. तिच्या नेहमीच्या चित्रात हाड हवेसारखेच काळे दिसते. पण हाड किरण पुष्कळ शोषते आणि हवा जवळजवळ मुळीच शोषत नाही. दोन साक्षीदारांना आपण एकच शब्द बोलताना ऐकतो, पण दोघांच्या बोलीत त्याचा अर्थ एक असेलच असे नाही.

ह्यापुढची पायरी म्हणजे संयुक्त प्रतिमारचना. येथे दोन चित्रे आधी तयार करून मग जुळवीत नाहीत. दोन्ही चित्रे अज्ञात धरून एकाच हिशोबात एकदम सोडवतात. हिशोबात तीन दंड असतात. पेटचे चित्र पेटच्या मापांशी जुळले नाही तर पहिला दंड. एम्. आर्. आय्.चे चित्र तिच्या मापांशी जुळले नाही तर दुसरा. आणि दोन्ही चित्रांतील कडा एकमेकींना सोडून भलतीकडे धावू लागल्या तर तिसरा. तिन्ही दंडांची बेरीज ज्या जोडीत सर्वांत कमी होईल, ती चित्रांची जोडी पत्करावयाची. घडणीचा आधार पेटला देण्याचा विचार १९९० नंतर चांगलाच पुढे आला होता. पण त्यात एक चित्र पक्के धरून दुसरे त्यावर बेतले जाई. दोन्ही अज्ञात धरून, कडांची दिशा समान असावी एवढीच अपेक्षा ठेवणारी एक पद्धती एअरहार्ट आणि त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली. ह्यात लाभ दोघांचा होतो. पेटच्या कडा स्पष्ट होतात आणि एम्. आर्. आय्.ला थोड्या मापांत भागवता येते.

आता धोका पाहू, आणि त्यासाठी आपल्या चार तुकड्यांच्या शेताकडेच परत जाऊ. उभ्याआडव्या बेरजा त्याच आहेत : १२, ८, १३ आणि ७. नकाशावाला सांगतो की, क आणि ड ह्यांच्यामध्ये बांध नाही. आपण नियम केला की, बांध नाही तेथे फरक नाही. म्हणजे क आणि ड समान. लगेच एकच उत्तर निघते : ९, ३, ४, ४. शेत खरोखर तसेच असेल तर नकाशाने मोठे काम केले. पण समजा, खरे शेत ११, १, २, ६ असे होते. पिशव्यांऐवजी साखरेचे माप धरा. क मध्ये २ आणि ड मध्ये ६, म्हणजे तिप्पट. हीच ती गाठ. तिच्याभोवती बांध नाही, कारण रोग एका अवयवाच्या पोटातच सुरू झाला आहे आणि घडणीत अजून काही बदललेले नाही. आपल्या नियमाने त्या २ आणि ६ चे ४ आणि ४ करून टाकले. सर्व बेरजा जुळल्या, चित्र नितळ दिसले आणि गाठ नाहीशी झाली. ज्या रोग्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला ‘काही नाही’ असे सांगून घरी पाठवले गेले.

उलट धोकाही तितकाच खरा आहे. घडणीच्या चित्रात एखादी कड असते, म्हणून पेटच्या चित्रातही तेथे पायरी उमटवली जाते आणि नसलेला ठिपका दिसू लागतो. मग नको ती सुई टोचली जाते, नको ती शस्त्रक्रिया होते.

ह्यावर उपाय काय? आपल्या उदाहरणात तिरकी बेरीज उपयोगी पडेल. समजा ती कोणी मोजली आहे, पण अक्षर पुसट असल्याने आकडा १६ च्या आसपास आहे एवढेच कळते. नकाशावर मुळीच विश्वास ठेवला नाही तर क २.५ आणि ड ५.५ येते. मापातील चूक आणि क-ड मधील फरक ह्या दोहोंच्या वर्गांवर सारखाच दंड बसवला तर क ३.२५ आणि ड ४.७५ येते. सगळा विश्वास नकाशावरच टाकला तर ४ आणि ४. मापे तीच, शेत तेच. पण विश्वास कोठे किती ठेवला त्यानुसार गाठ ठळक होते, फिकी होते किंवा पुसली जाते. म्हणून गणिती दोन गोष्टी करतात. एक, दंडाचे स्वरूप असे ठेवतात की, लहानसहान चढउतार दडपले जावेत. परंतु मापेच ठासून सांगत असली तर मोठी पायरी, दुसऱ्या चित्रात ती नसली तरी, टिकून राहावी. दोन, कडा जेथे दोन्हीकडे आहेत तेथे त्यांनी समांतर असावे एवढेच मागतात. एकीकडे कड आहे म्हणून दुसरीकडे ती असलीच पाहिजे असा आग्रह धरीत नाहीत. ज्या आकृतीत काय आहे हे आधीच ठाऊक आहे अशा कृत्रिम नमुन्यांवर, आणि मुद्दाम दोन चित्रांत न जुळणाऱ्या गाठी घालून, ही पद्धती पारखावी लागते. अलीकडे हजारो जुन्या चित्रांवरून शिकलेली संगणकाची जाळी हे काम करू लागली आहेत. ती फार जलद आहेत आणि त्यांची चित्रे फार सुबक असतात. म्हणूनच ती कसून पारखली पाहिजेत. सुबकपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे.

हा विवेक आपल्या भागाला नवा नाही. नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे त्यात कोरलेले असून, भारतातील अंकांच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी ते अंक अभ्यासून जगापुढे मांडले. लेखाची पुष्कळ अक्षरे झिजून गेली आहेत. तेथेच राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या, पण त्यांच्यावर कोरलेली नावे उरली. अभ्यासकांनी झिजलेला लेख, ती नावे, नाणी आणि पुराणांतील राजांच्या याद्या एकत्र ठेवून सातवाहनांचा वृत्तान्त जुळवला. ह्यांतील नावांचा आधार मोठा झाला. पण पुराणांच्या याद्या एकमेकींशीही पुरत्या जुळत नाहीत. म्हणून यादीत नाव आहे एवढ्यावरून दगडावरचे पुसलेले अक्षर भरले, तर तो शिलालेख राहत नाही, ती आपली इच्छा होते. जबाबदार अभ्यासक भरलेली अक्षरे चौकटी कंसात घालतो, म्हणजे दगडाचे कोणते आणि विद्वानाचे कोणते हे वाचणाऱ्याला कळते.

संयुक्त प्रतिमारचनेलाही अशाच कंसाची गरज आहे, असे आमचे निश्चित मत आहे. वैद्यापुढे केवळ एक देखणे चित्र ठेवू नये. दुसऱ्या यंत्राचा आधार न घेता केवळ पेटच्या मापांवरून काढलेले चित्रही शेजारी असावे, आणि ज्या ठिकाणी दोहोंत फरक पडतो ती ठिकाणे दाखवून दिलेली असावीत. फरक पडला म्हणजे चूकच झाली असे नव्हे. पण तेथे मनुष्याने डोळे उघडून पाहिले पाहिजे. निर्णय तिथेच अडलेला असतो.

आपण रोगी किंवा रोग्याचे नातलग म्हणून ह्यातून काय घ्यावे? आम्ही वैद्य नाही. औषधोपचाराचा सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. पण तीन गोष्टी सांगतो. चित्रातील ठिपका पाहून घरच्या घरी धीर सोडू नये आणि ठिपका नाही म्हणून घरच्या घरी निर्धास्तही होऊ नये. तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षाला लक्षणांची, रक्ततपासणीची, गरज पडल्यास ऊतकाच्या तुकड्याच्या तपासणीची जोड लागते. तपासणीच्या वेळी उपाशी राहणे, निश्चल पडणे आणि श्वासाच्या सूचना पाळणे हे चित्राच्या खरेपणाचे निम्मे काम आहे. ते रोग्याच्या हातात आहे. आणि पूर्वीच्या तपासणीची चित्रे सांभाळून बरोबर न्यावीत, कारण नव्या चित्राची साक्ष तपासण्यासाठी जुन्या चित्रासारखा साक्षीदार नाही. शंका वाटली तर ‘हा ठिपका दोन्ही तपासण्यांत दिसतो काय?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अगदी हाच प्रश्न गणिती स्वतःला विचारीत असतात.

ह्या सभेला पुष्कळ शाळकरी मुले आली आहेत. शेवटचे दोन शब्द त्यांच्यासाठी. खोडदला विज्ञानदिनाच्या सुमारास भरणारे प्रदर्शन तुम्ही पाहिले असेल. तेथे तबकड्या पाहून परत फिरू नका. दोन तबकड्यांच्या मापांतून चित्र कसे निघते हे तेथील शास्त्रज्ञांना विचारा. घरी आल्यावर चार चौकटींचे कोडे मांडा, मग नऊ चौकटींचे मांडा, आणि किती बेरजा दिल्या म्हणजे उत्तर एकच निघते ते पाहा. एखादी बेरीज मुद्दाम चुकीची द्या आणि उत्तर किती बिघडते तेही पाहा. ज्याला हे जमले त्याला दुर्बिणीचे आणि रुग्णालयातील यंत्राचे मर्म एकदमच कळले असे समजावे. आकाशाचे गणित करता करता त्याचा उपयोग माणसाच्या देहासाठी झाला. आणि तो ज्या वाटेने झाला त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम आपल्या तालुक्यात आहे.